ऐकत नाही की ऐकू येत नाही?

बालवाडीच्या भिंतीवर एक तक्ता हमखास असतो. मध्ये हसरा चेहरा आणि भोवती डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा. बाई पट्टी ठेवतात आणि मुले एका सुरात म्हणतात, डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो. घरी आल्यावर अम्मी तेच म्हणून घेते, ईदला आलेल्या पाहुण्यांपुढे दादी म्हणवून घेते. मूल न अडखळता सांगते, सगळे माशाअल्लाह म्हणतात आणि पंचेंद्रियांचा पाठ संपतो.

खरे पाहता यात मूल नवीन काही शिकलेले नसते. कान कुठे आहे, हे दीड वर्षाच्या बाळालाही दाखवता येते. त्याच्याकडे नसतात ते शब्द. चिंच आंबट, कारले कडू, इथपर्यंत ठीक. पण आवळ्याची ती तोंड आवळणारी चव कोणती? शहाबादी फरशी गार, सुकलेला टॉवेल खरखरीत, भिजवलेला सब्जा बुळबुळीत. आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे. कुणाच्या घरी दखनी चालते, कुणाच्या घरी कोकणी, आणि शाळा मराठी. घरी ‘खट्टा’ म्हणणारे मूल शाळेत ‘आंबट’ ऐकून क्षणभर गोंधळते. म्हणून चव देताना दोन्ही शब्द द्यावेत. खट्टा म्हणजे आंबट, कसैला म्हणजे तुरट. एका चवीला दोन नावे असलेले मूल गरीब नसते, उलट श्रीमंत असते.

शिकवायला वेगळी वेळ काढायचीही गरज नाही. वुजूच पाहा. हात धुतले, चूळ भरली, नाकात पाणी घेतले, चेहरा धुतला, कानांचा मसह केला. तक्त्यावरचे एकही इंद्रिय सुटत नाही. वुजू ही इबादतीची तयारी आहे, विज्ञानाचा तास नव्हे, हे खरे. पण दादीशेजारी बाह्या वर करून उभ्या राहिलेल्या चार वर्षांच्या नातीला, ‘पाणी हाताला जास्त गार लागलं की चेहऱ्याला?’ एवढे विचारायला काय हरकत आहे?

स्वयंपाकघरात तर प्रयोगच प्रयोग आहेत. डोळ्यांना ओढणी बांधून जिरे, दालचिनी, वेलची, कांदा एकेक करून नाकाजवळ धरा. शीरखुर्मा केला असेल तर मुलाला नाक चिमटीत धरून एक चमचा खायला सांगा. गोड लागेल, पण वेलची सापडणार नाही. आता चिमूट सोडू द्या, वेलची लगेच परत येते. आपण जिला चव म्हणतो तिच्यातला मोठा वाटा नाकाचा असतो, सर्दीत बिर्याणीही बेचव लागते ती यामुळेच. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा नकाशा जुन्या पुस्तकांत छापलेला असे, तो मात्र चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या भागांना कळतात. जिभेच्या कडेला साखर ठेवून मुलालाच ठरवू द्या.

स्पर्शासाठी काडेपेटीतल्या दोन काड्या पुरतात. गुलाची बाजू हातात धरून दुसरी टोके एक सेंटिमीटर अंतरावर ठेवा आणि मुलाच्या बोटाच्या टोकाला हलकेच लावा. दोन आहेत, हे त्याला लगेच कळेल. तशीच पाठीला लावा, एकच काडी आहे असे तो म्हणेल. बोटांच्या टोकांत स्पर्श टिपणाऱ्या नसांची दाटी असते, पाठीवर त्या विरळ असतात. ब्रेलचे ठिपके बोटांनी वाचता येतात ते यामुळेच. कुरआनही ब्रेलमध्ये आहे. हे दाखवताना मुलांना हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांच्याविषयी जरूर सांगा. ते दृष्टिहीन होते आणि मदीनेत अजान देत. हजरत बिलाल (रजि.) पहाटेच्या आधी अजान देत, आणि उजाडल्याचे लोकांनी सांगितले की इब्ने उम्मे मक्तूम फजरची अजान देत. ज्यांना स्वतःला पहाट दिसत नव्हती, त्यांच्या आवाजावर मदीनेचे रोजे सुरू होत!

हे सारे खेळ मजेचे आहेतच, पण मला ते हवे आहेत ते आणखी एका कारणासाठी. आपल्या बोलण्यात ‘ऐकत नाही’ याचे दोन अर्थ होतात. दखनीतही ‘सुनता नहीं’ म्हटले की कान आणि स्वभाव दोन्ही आले. हाक मारली, पोराने पाहिले नाही, की आपण दुसरा अर्थ धरतो. हट्टी आहे, लाडावला आहे. मग आवाज चढतो, पाठीत धपाटा बसतो. त्याला ऐकू आले होते का, हे तपासायचे राहूनच जाते.

सूरह नहलच्या 78 व्या आयतीत अल्लाहने माणसाला आईच्या पोटातून बाहेर आणले तेव्हा त्याला काहीच कळत नव्हते, आणि त्याला ऐकणे, पाहणे व हृदय दिले, ते त्याने कृतज्ञ व्हावे म्हणून, असा आशय आहे. ऐकणे आधी आले आहे. बाळ आईच्या पोटात असतानाच ऐकू लागते, तर जन्मानंतर त्याला स्पष्ट दिसते ते फार तर वीत-दीड वीत अंतरावरचे, म्हणजे दूध पिताना आईच्या चेहऱ्याइतके. नवजात बाळाच्या कानात आपण अजान देतो. तो कान ऐकतो आहे ना, हे पाहणेही मग आपल्याकडेच येते.

मूल खेळात गुंग असताना त्याच्या मागून, त्याला दिसणार नाही असे, वाटीवर हळूच चमचा वाजवा. मग कुजबुजत नाव घ्या. खेळ समजून हे दोन-चार दिवस करा. ओरडल्यावर वळणारे मूल कुजबुजीला वळत नसेल, टीव्हीला चिकटून बसत असेल, दर वाक्याला ‘हं?’ करत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचून लहान मुलांना काही आठवडे कमी ऐकू येणे अगदी सर्रास घडते आणि त्यावर उपाय आहेत. वर्षाचे मूल नावाला वळत नसेल, दीड वर्षाचे एकही शब्द बोलत नसेल, तर ‘याचे अब्बूही उशिराच बोलले’ म्हणून थांबू नका. बोलणे कानातून येते आणि त्यासाठी पहिली वर्षेच मोलाची असतात. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. मुंबईत वांद्र्याला याच कामासाठी राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे.

आता जरा नाजूक गोष्ट. कानात कोमट तेल घालणे आणि काडीने मळ काढणे ही दोन्ही कामे बंद करा. मळ आपोआप बाहेर येतो, काडीने तो आत ढकलला जातो. आणि सुरमा. हदीसमध्ये इसमिदचा उल्लेख आहे, हे दादी सांगेल आणि ते खरे आहे. पण पुडीवर इसमिद छापले म्हणून आत तेच असते असे नाही. बाजारातल्या अनेक सुरम्यांत शिसे आढळले आहे. मूल डोळे चोळते, तेच बोट तोंडात घालते, आणि शिसे वाढत्या मेंदूला घातक आहे. दादीशी वाद घालू नका. बाळ बोटे चोखायचे थांबेपर्यंत सुरमेदानी कपाटात राहू द्या, असे सांगून पाहा, बहुतेक दाद्या ऐकतात.

डोळ्यांसाठीही एक खेळ आहे. मुलाचा एक डोळा तळहाताने झाका आणि समोरच्या कॅलेंडरवरचे चित्र ओळखायला सांगा, मग दुसरा झाका. दोन्ही वेळा सारखेच ओळखले तर उत्तम. एका बाजूला मात्र तो दर वेळी तुमचा हात ढकलू लागला, मान वळवून बोटांच्या फटीतून पाहू लागला, तर उघडा असलेला डोळा अधू असू शकतो. नेत्रतज्ज्ञांची वेळ त्याच आठवड्यात घ्या. अशा आळशी डोळ्यावरचा उपचार जितक्या लहान वयात होईल तितका लागू पडतो, आणि मूल स्वतःहून तक्रार कधीच करत नाही, कारण सगळ्यांना असेच दिसते असे त्याला वाटत असते.