तीन चौकटींत न मावणारे नाव

आमच्या वऱ्हाडात मुस्लिमांची नावे अशी असतात: शेख रहीम शेख करीम. म्हणजे करीमचा मुलगा रहीम, आणि दोघांच्याही आधी शेख. हे 'शेख' आडनाव नव्हे, मानाचा शब्द आहे. पण अर्जात चौकटी तीनच: नाव, वडिलांचे नाव, आडनाव. मग एका कागदावर तो 'रहीम करीम शेख' होतो, दुसऱ्यावर नुसता 'शेख रहीम'. इंग्रजीत तर शेख चार तऱ्हांनी लिहितात. माझीच तीन कागदांवर तीन नावे आहेत.

त्यात जिल्ह्याची भर. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या कागदांवर जिल्हा अकोला. गाव न सोडता आमचा जिल्हा बदलला. मालेगाव म्हटले, की लोकांना नाशिकचेच आठवते.

आजवर निभावले, कारण खिडकीमागे माणूस होता. 'अरे, हा तर करीमभाईंचा पोरगा' म्हणून तो सही करायचा. उद्या ओळख पटवणार यंत्र. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी यांसाठी जन्मतारखेचा नि जन्मस्थळाचा पुरावा एकच: जन्मदाखला. या नोंदी देशपातळीवर एकत्र होणार. अक्षर जुळले नाही, की यंत्र शंका काढणार. आणि आमच्या नावांवर शंका घ्यायला लोक आधीच तयार आहेत.

'तंत्रज्ञानाला जात-धर्म नसतो' म्हणणाऱ्यांनो, या तीन चौकटी कोणाच्या नावांवरून आखल्या? आडनाव न लावणारा तमिळ माणूसही त्यांत अडकतोच.

पण 'हे सारे कारस्थान' म्हणून हात झटकणाऱ्या आपल्या लोकांशीही माझे भांडण आहे. सातव्या दिवशी अकीक्याची दावत आपण चुकवत नाही. मग जन्मनोंदणीची २१ दिवसांची मुदत का चुकते? मुलाचे नाव सगळीकडे एकसारखे लिहिले जावे, हे बघायला कोणाची मनाई आहे?

सरकारकडे मागणे एकच. यंत्र 'जुळत नाही' म्हणाले, की तो निकाल समजू नये. कागद घेऊन माणसापुढे बोलण्याचा हक्क कायद्यात हवा. नाहीतर आमची नातवंडे चौकटीत बसेल तेवढेच नाव ठेवतील, आणि आपली रीत यंत्राने बदलली, हे कोणाला आठवणारही नाही.