पाकीट फेकू नका!

गेल्या महिन्यात एका रविवारी पहाटे चार वाजता आमचा बंड्या ओकायला लागला. बंड्या म्हणजे तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या पार्किंगमधून वर आलेला आणि परत खाली न गेलेला आमचा गावठी कुत्रा. एरवी मोजे, चपला आणि एकदा तर माझं हापिसचं ओळखपत्र पचवलेला प्राणी! पण त्या दिवशी सात वाजेपर्यंत चार वेळा ओकला आणि मग पाण्याकडेही बघेना. दवाखाना उघडल्या उघडल्या त्याला उचलून नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, सलाइन लावलं आणि विचारलं, "खायला काय घालतोस रे?"

मी जरा ऐटीतच ब्रँड सांगितला. किलोला साडेआठशे रुपयेवाला. आई नेहमी म्हणते, "एवढ्यात आपल्या घरचा महिन्याचा तांदूळ येतो." तर तोच.

"नवीन पाकीट कधी फोडलंस?"
"चार दिवस झाले."
"बॅच नंबर काय त्याचा?"

आता आली का पंचाईत! पाकीट मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं होतं आणि खाऊ आईच्या लाडवाच्या जुन्या डब्यात ओतला होता. तळाशी आधीच्या पाकिटातलाही थोडा शिल्लक होताच.

बंड्या दोन दिवसांत बरा झाला. कारण शेवटपर्यंत कळलं नाही. खाऊ असेल, पार्किंगमध्ये चाटलेलं काहीबाही असेल, साधं इन्फेक्शन असेल. म्हणून कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, ते बरोबर होणार नाही. पण लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हापिसात प्रॉडक्शनला काही फाटलं की माझा पहिला प्रश्न असतो, "कुठलं व्हर्जन चालू होतं?" आणि घरी मी स्वतःच्या हाताने व्हर्जन नंबर घंटागाडीत टाकून मोकळा!

मग दोन वीकेंड वाचत बसलो. पहिला धक्का 'प्रीमियम' या शब्दाचाच. अमेरिकेत या धंद्यावर बऱ्यापैकी कडक नियम आहेत, पण तिथेही 'प्रीमियम' किंवा 'सुपर प्रीमियम' लिहिलं म्हणून आत वेगळा, जास्त चांगला माल असायलाच हवा असं कायद्याने बंधन नाही. म्हणजे हा शब्द आपल्याकडच्या 'स्पेशल मिसळ'सारखा. स्पेशल काय, ते दुकानदार जाणे.

दुसरा धक्का २००७ सालचा. त्या मार्चमध्ये मेन्यू फूड्स नावाच्या कॅनडातल्या कंपनीने कुत्र्या-मांजरांच्या ओल्या खाऊचे तब्बल ६ कोटी डबे आणि पाऊच बाजारातून परत बोलावले. प्राण्यांच्या किडन्या निकामी होत होत्या. डब्यांवर नावं मात्र शंभरच्या आसपास ब्रँडची, स्वस्त आणि महाग दोन्ही! माल एकाच कंपनीचा, लेबलं निरनिराळी. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइनची भेसळ होती. आता प्लास्टिकच्या ताटल्यांमधलं मेलामाइन खाण्यात कशाला घालायचं? तर टेस्ट पास व्हावी म्हणून!

अन्नातली प्रथिनं मोजायची जुनी रीत अशी, की थेट प्रथिनं मोजायची नाहीत, नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं. ही पद्धत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिली आणि ती आजही वापरात आहे. प्रथिनांत नायट्रोजन साधारण १६ टक्के असतो. मेलामाइनमध्ये? ६६ टक्के! चिमूटभर पावडर टाकली की रिपोर्टमध्ये प्रथिनं वर. आपल्यातले काही महाभाग नुसती कव्हरेज वाढवणारी, काहीच न तपासणारी टेस्ट लिहितात ना, तोच प्रकार. फक्त इथे बिल्ड हिरवा झाला आणि कुत्री मेली. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये हीच चलाखी बाळांच्या दुधाच्या पावडरीत निघाली. जवळपास ३ लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली.

म्हणून लेबलावर '३२ टक्के प्रथिनं' वाचून मी आता भारावत नाही. तो आकडा खोटा असतो असं नाही, पण तो सुरक्षिततेबद्दल काहीच सांगत नाही. आणि तो नीट वाचावाही लागतो. कोरड्या खाऊवर २४ टक्के लिहिलंय आणि ओल्या डब्यावर ८, तर भारी कोणता? ओल्यात ८० टक्के पाणी आहे. ते वजा केलं की ८ चे होतात ४०. कोरड्यात १० टक्के पाणी धरलं तर २४ चे होतात जेमतेम २७. तसंच घटकांच्या यादीत पहिल्या नंबरावर 'ताजी कोंबडी' दिसली की आपण खूश. पण ती यादी शिजवण्याआधीच्या वजनाप्रमाणे असते आणि कोंबडीत बरंचसं पाणीच असतं.

बरं, आपल्याकडे यावर लक्ष कोणाचं? माणसांच्या बिस्किटासाठी २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे. त्याच कायद्यातल्या 'अन्न' या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. भारतीय मानक ब्यूरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाऊसाठी आयएस ११९६८ हे मानक आहे खरं, पण मानक छापलेलं असणं वेगळं आणि दुकानातलं प्रत्येक पाकीट त्यावर घासून बघितलं जाणं वेगळं. माझं स्पष्ट मत आहे की शहरात घरोघरी हा खाऊ जात असताना बॅचवार तपासणी आणि सदोष माल जाहीरपणे परत घेणं सक्तीचं हवं. तोवर प्रश्न आपणच विचारायचे.

मी तीन कंपन्यांना चार प्रश्न पाठवले. खाऊ कुठल्या वयासाठी आणि कुठल्या मानकाप्रमाणे परिपूर्ण आहे? फॉर्म्युला बनवणाऱ्याचं शिक्षण काय? कारखाना स्वतःचा की दुसऱ्याचा? प्रत्येक बॅचमध्ये काय तपासता? (मक्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते कुत्र्याच्या लिव्हरवर जातं, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.) सगळ्यात महागड्या कंपनीने उत्तरादाखल दहा टक्क्यांचं कूपन पाठवलं. दुसरी गप्प. तिसरीने, जी तिघींत स्वस्त होती, कारखान्याचं गाव कळवलं आणि माझ्या बॅचचा रिपोर्टही जोडला. बंड्या सध्या तिचाच खाऊ खातो. तीन कंपन्यांवरून सगळ्या बाजाराचा निष्कर्ष काढू नये, हे मलाही कळतं. पण उत्तर देणारा माणूस पलीकडे आहे, एवढं तरी समजलं.

आई म्हणते, "घरचं घाल की!" घालता येईल, पण नुसत्या दूध-पोळीवर कुत्र्याचं पोषण पूर्ण होत नाही. ते प्रमाणही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं लागेल.

आणि चांगली कंपनी निवडली की संपलं, असंही नाही. २०१९ मध्ये डॉक्टर मंडळींच्या खास विश्वासातल्या हिल्स कंपनीला कुत्र्यांच्या खाऊचे डबे परत घ्यावे लागले. पुरवठादाराकडून आलेल्या मिश्रणात व्हिटॅमिन डी जास्त झालं होतं. बग कोणाच्याही कोडमध्ये निघतो हो. पण तेव्हा कोणता डबा बाद आणि कोणता नाही, हे लोकांना कळलं ते डब्यावरच्या लॉट नंबरवरून. ज्याने डबा फेकला, तो बसला अंदाज करत. माझ्यासारखा.

म्हणून आता खाऊ मूळ पाकिटातच ठेवतो आणि ते पाकीट लाडवाच्या डब्यात. बॅच नंबरचा फोटो फोनमध्ये. कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या पोत्यातून सुटा मिळतो तो बंद, कारण त्याला ना तारीख ना नंबर. एकूण खर्च शून्य रुपये.

असो. बंड्या तोंडात पट्टा धरून दारात उभा आहे. तुमच्या घरात असा कोणी असेल तर आज एवढंच करा, त्याचं पाकीट कचऱ्यात गेलंय का ते बघा.