तक्त्यातली कोरी चौकट कोणाची?



वरवंडच्या आमच्या अभ्यासगटात यंदा जानेवारीत अकरा वह्या आल्या. प्रत्येक वहीत पट्टीने आखलेला तक्ता. डावीकडे सवयी, वर तारखा. पाचला उठणे, धावणे, वंदना, पाऊण तास वाचन, इंग्रजीचे दहा शब्द, रात्री नऊनंतर मोबाईल बंद. केले की टिक, नाही केले की चौकट कोरी. कल्पना मुलांनी मोबाईलवरच्या व्हिडिओतून उचलली होती. आम्हालाही ती आवडली आणि आम्ही पदरच्या पैशाने वह्या आणून दिल्या.

पहिला आठवडा जोरात गेला. फेब्रुवारी निम्मा होईपर्यंत अकरापैकी नऊ वह्या कोऱ्या पडल्या होत्या. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा वही परत द्यायला आला आणि म्हणाला, "दादा, ती पुस्तकं लिहिणारे काय खोटं बोलत नसतील. खोट आपल्यातच आहे. आपल्या पोरांना शिस्तच नाही."

हे वाक्य आम्ही आधी ऐकलेले आहे. शाळेत ऐकले, कचेरीत ऐकले, राखीव जागेवर लागलेल्या माणसाच्या पाठीमागे तर हमखास ऐकले. 'यांना शिस्त नाही' हे जातिव्यवस्थेने हजारदा म्हटलेले वाक्य आहे. फरक एवढाच की या वेळी ते आमच्याच मुलाने स्वतःच्या तोंडाने, स्वतःबद्दल म्हटले आणि त्यासाठी त्याला एक वही पुरली. म्हणून हा लेख.

हा तक्ता आला कुठून?

सवयींचा तक्ता ही आजची गोष्ट नाही. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात तेरा सद्गुणांची यादी केली, छोट्या वहीत आठवड्याचे सात रकाने आखले आणि जिथे चूक होईल तिथे ठिपका द्यायला सुरुवात केली. त्याच्या दिनक्रमात पहाटे पाचला उठणे होते. आजच्या 'पहाटे पाचच्या' पुस्तकांचा हा पणजोबा म्हणायचा. समाजशास्त्र शिकताना आम्ही मॅक्स वेबर वाचला. १९०४-०५ मध्ये भांडवलशाहीची मनोवृत्ती समजावून सांगताना वेबरने नमुना म्हणून घेतला तो याच फ्रँकलिनचा. वेळ म्हणजे पैसा, वाया गेलेला तास म्हणजे पाप, ही ती मनोवृत्ती.

पण फ्रँकलिनच्या घरात गुलाम होते, हे या पुस्तकांत सहसा येत नाही. उतारवयात तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, हेही खरे आहे आणि ते सांगितले पाहिजे. तरी प्रश्न उरतोच. मालक पहाटे आत्मपरीक्षण करत बसला असताना चूल कोण पेटवत होते? त्या माणसाच्या वहीचे काय?

आणि त्या 'एकवीस दिवसांत सवय' या मंत्राचेही ऐका. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात लिहिले होते की, बदललेल्या चेहऱ्याची किंवा गमावलेल्या अवयवाची सवय व्हायला माणसाला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातले 'किमान' गळाले आणि मंत्र तेवढा उरला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. म्हणजे आमच्या मुलाने ज्या दिवशी स्वतःला नापास ठरवले, त्या दिवशी परीक्षा अर्धीसुद्धा झाली नव्हती.

आमची पहाट

पहाट सगळ्यांना सारखीच मिळते, दिवसाचे चोवीस तास सगळ्यांचे सारखेच, असे ही पुस्तके सांगतात. आमचा इतिहास तसे सांगत नाही.

वरवंडपासून पुणे पन्नास-साठ किलोमीटर. पेशवाईत याच पुण्याच्या वेशीच्या आत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी बंदी होती, कारण त्या वेळी सावली लांब पडते, असे गो. स. घुर्ये यांनी आपल्या जातीवरच्या ग्रंथात नोंदवले आहे. ज्यांच्यासाठी शहराची पहाटच बंद होती, त्यांच्या नातवंडांना आज 'पहाटेची जादू' विकली जाते!

गावात महारवतन होते. वतनदाराला कामाचे ठरलेले तास नव्हते. पाटलाचा सांगावा मध्यरात्री आला तरी निघायचे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. हा प्रश्न जमिनीचा आणि मोबदल्याचा होता तसा वेळेचाही होता. स्वतःचा तास स्वतःच्या मालकीचा नसणे हीसुद्धा गुलामगिरीच.

अठरा तास आपल्या लक्षात राहिले, रामजी विसरले

आता कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी कुठे सबबी सांगितल्या? बरोबर आहे. नाहीच सांगितल्या. पण त्यांचा अभ्यास कसा झाला ते नीट वाचा.

परळची डबक चाळ, सगळ्या घराला मिळून एक खोली. धनंजय कीरांच्या चरित्रात प्रसंग आहे. भीमराव लवकर झोपत. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत, दोन वाजता मुलाला उठवत आणि मग स्वतः झोपत. मुलगा रॉकेलच्या दिव्यावर अभ्यासाला बसे. १९०७ मध्ये मॅट्रिक झाले ते असे.

आमच्या मते या प्रसंगात दोन माणसे आहेत. उठणारा आणि उठवणारा. ती शिस्त एकट्याची नव्हती. तिच्यामागे एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बापाची अर्धी झोप होती. आज त्या जागी मोबाईलचा गजर ठेवून आपण म्हणतो, उठला नाही तर तो आळशी!

एप्रिल आला की ठिकठिकाणी 'सलग अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होतो. आम्हीही बसलो आहोत. प्रतिमेला हार, रांगेत टेबले, रात्री फोटो. त्यातला भाव खरा आहे, त्याची टिंगल आम्हाला करायची नाही. पण एका दिवसाचे अठरा तास आणि उरलेले ३६४ दिवस अभ्यासिकेला कुलूप, हे अभिवादन होत नाही. रोजची पाऊण तासाची बैठक वर्षाला पावणेतीनशे तासांच्या आसपास जाते. बाबासाहेबांना कोणते अभिवादन आवडले असते ते तुम्हीच ठरवा.

आणि बाबासाहेब स्वतः मोठे झाल्यावर काय करतात? 'मी दोन वाजता उठलो, तुम्हीही उठा' एवढे सांगून थांबत नाहीत. १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू होते, तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांना कामावर जाण्याआधी शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले जातात. त्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर येतात. ते विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनीच मांडलेले होते. त्याच्या नव्वद वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. आमच्या महापुरुषांनी माणसाच्या वेळेप्रमाणे शाळा वळवली. शाळेची वेळ जमली नाही म्हणून माणसाला नालायक ठरवले नाही.

वहीत एक रकाना वाढवला

म्हणून आम्ही मार्चमध्ये वह्या परत वाटल्या, पण एक रकाना वाढवून. चौकट कोरी राहिली तर ती का राहिली, ते चार शब्दांत लिहायचे. खोटे लिहायचे नाही. आपल्याला पंचशीलातले चौथे शील आहे, ते वहीलाही लागू.

महिन्याने सगळे विहारात बसलो आणि कारणे मोठ्याने वाचली. कुरकुंभच्या कंपनीत कंत्राटी काम, रात्रपाळी, सकाळी आठला घरी. ऊसाला पाणी द्यायचे, शेतीची लाईट रात्रीची, पहाटे चारला बांधावरून आलो. आई कांदा काढायला टेम्पोने सहाला जाते, तिचा डबा आणि घरचा स्वयंपाक माझ्याकडे. पाणी आले होते. भाऊ झोपला होता म्हणून लाईट लावता आली नाही. आणि हो, मोबाईल. रात्री एकपर्यंत रील बघितल्या. हे कारण सगळ्यांत जास्त वेळा आले, आणि ते लपवले नाही याचा आम्हाला अभिमान आहे.

फळ्यावर तीन भाग केले. आपले, घरचे आणि व्यवस्थेचे. मोबाईल आपला. तिथे कोणाकडे बोट दाखवायचे नाही. ज्याने त्याने रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, खोली एकच असेल तर फडताळावर, हात पोचणार नाही असा.

घरच्या भागात बोलायला लागलो तेव्हा मुले गप्प झाली. गटात तीन मुली आहेत. तिघींच्याही कोऱ्या चौकटींपुढे एकच गोष्ट होती, स्वयंपाक आणि पाणी. त्यांच्या भावांच्या वह्यांत ते कारण एकदाही नव्हते. सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात २६. २०२४ च्या सर्वेक्षणात आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, तर पुरुषाने आपली नऊ कमी करून घेतली! जातीचे गणित तोंडपाठ असलेल्या आमच्या मुलांना स्वतःच्या घरातले हे गणित दिसले नव्हते. बहिणीची पहाट घेऊन भावाची वही भरत असेल, तर ती वही फ्रँकलिनची आहे, बाबासाहेबांची नाही. त्या दिवशी ठरले की आठवड्यातले तीन दिवस पाणी आणि चहा भावाकडे. एका घरात जमले, एका घरात भांडण झाले, एका घरात अजून बोलणे चालू आहे.

तिसरा भाग व्यवस्थेचा. घरात जागा आणि दिवा नाही, यावर इच्छाशक्ती हा उपाय होत नाही, त्याला खोली लागते. विहाराची किल्ली आता पहाटे पाचला उघडणाऱ्याकडे असते, आणि उघडणारा दर आठवड्याला बदलतो. तोच आमचा रामजी. रात्रपाळीवाल्यांसाठी वेगळी बैठक, संध्याकाळी पाचची. त्यांना पहाटेची सक्ती नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून अभ्यासिका मागता येते. त्यासाठी ग्रामसभेत अर्ज घेऊन जावे लागते, आणि अर्जाला पुरावा म्हणून आमच्याकडे आता अकरा वह्या आहेत.

दोन्ही बाजूंच्या मित्रांना

चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतील, हे व्यक्तिवादाचे खूळ आहे, सवयी सुधारून व्यवस्था बदलत नाही. मान्य. पण मोर्चाला दोन तास उशिरा येणारा, निवेदन आदल्या रात्री घाईत लिहिणारा, वर्षाला एकही पुस्तक पूर्ण न वाचणारा कार्यकर्ता तरी व्यवस्था कशी बदलणार? दुसरे मित्र म्हणतील, तुम्ही सबबींना रकाना दिलात. नाही. सबब मनात राहते, म्हणून ती सबब असते. ती लिहून चारचौघांत वाचली की तिचे एक तर काम होते, नाही तर लाज वाटून ती सुटते.

ही पद्धत आमचीही नाही. भिक्खुसंघ दर पंधरवड्याला उपोसथाला एकत्र बसतो, पातिमोक्खाचे पठण होते, ज्याचे चुकले तो ते सांगतो. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी सवयींचा आढावा एकट्याच्या वहीवर सोडला नाही, तो संघात ठेवला. धम्मपदातला दुसरा वग्ग अप्पमादाचा आहे. अप्पमाद म्हणजे गाफील न राहणे. पहाटे उठूनही माणूस गाफील असू शकतो, आणि रात्रपाळी करूनही जागा असू शकतो.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन तेव्हा होतेच. तीन महिने, म्हणजे त्या ६६ दिवसांपेक्षा जास्त. या वर्षावासात प्रत्येक अभ्यासगटाने एवढे करून पाहावे. एकच सवय निवडा, दहा नकोत. कोरी चौकट राहिली तर कारण लिहा. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला एकत्र बसून वाचा. आणि आपल्या घरात कोणाच्या झोपेवर आपली पहाट उभी आहे, ते एकदा पाहा.

वही परत द्यायला आलेला तो मुलगा रात्रपाळीचाच होता. पाचला उठण्याच्या त्याच्या चौकटी कोऱ्या होत्या, कारण पाचला तो कंपनीत उभा होता. तो आता संध्याकाळच्या बैठकीला येतो. मागच्या महिन्यात त्याच्या तीसपैकी एकोणीस चौकटी भरल्या. उरलेल्या अकरांपैकी चारांपुढे त्याने लिहिले आहे, "आळस." बाकी सातांपुढे, "डबल ड्युटी." आपला दोष किती आणि आपल्यावर लादलेले किती, हे त्याला आता वेगळे करता येते.

जय भीम! नमो बुद्धाय!