धरणाचा तळ कसा मोजतात?

शिरोळ तालुक्यात पावसाळा आला की घरोघरी एकच प्रश्न असतो, 'धरण किती भरलं?' कारण नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा भेटतात. कृष्णेतून कोयनेचं पाणी येतं, पंचगंगेतून राधानगरीचं. २००५, २०१९ आणि २०२१ सालच्या पुरांबद्दल तिथल्या कुणालाही विचारा, ऐकून अंगावर काटा येईल! म्हणून बातम्यांत 'कोयनेत इतके टीएमसी' असं आलं की सगळे कान टवकारतात.

एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर! कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी सांगतात. पण एवढं पाणी मोजतं कोण? धरणावर मोजली जाते ती फक्त पाण्याची पातळी. 'या पातळीला इतका साठा' असा तक्ता तयार असतो, त्यात बघून आकडा सांगतात. पहिला तक्ता दरीत पाणी साठण्याआधीच्या मोजणीवरून केलेला असतो. खरी गोम इथेच आहे.

एक प्रयोग करा. बादलीत दहा पेले पाणी ओता आणि पातळीला खडूने खूण करा. पाणी काढून तीन पेले वाळू टाका. आता त्याच खुणेपर्यंत पाणी भरा. दहा पेले मावले का? नाही ना! (आई-बाबांनो, वाळू सांडली तर रागावू नका हं!)

धरणातही असंच होतं. नदी माती घेऊन येते. धरणाच्या संथ पाण्यात शिरली की तिचा वेग मंदावतो. जाड वाळू तिथेच बसते, बारीक गाळ पार भिंतीपर्यंत जातो. असा गाळ वर्षानुवर्षं पाण्याची जागा खात राहतो.

मग तो मोजायचा कसा? पूर्वी होडीतून वजन बांधलेली दोरी सोडत. आता होडीला लावलेलं यंत्र तळाकडे आवाज सोडतं आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परत आला, तर खोली किती? ६० मीटर म्हणालात? चुकलात! आवाज गेला आणि परतही आला, म्हणून निम्मे, ३० मीटर. आखलेल्या रेषांवर होडी या काठापासून त्या काठापर्यंत फिरते आणि हजारो ठिकाणची खोली नोंदवून तळाचा नवा नकाशा तयार होतो.

नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहांच्या चित्रांवरूनही गाळाचा अंदाज काढते. त्याच पातळीला पाण्याचा पसारा पूर्वीपेक्षा कमी दिसला, तर तिथे गाळ बसला असं समजायचं. मात्र कायम पाण्याखाली राहणारा तळ उपग्रहाला दिसत नाही. तिथे होडीच हवी!

तक्ता जुनाच राहिला तर? उन्हाळ्यात वाटतं त्यापेक्षा पाणी कमी निघेल, आणि पावसाळ्यात वाटते त्यापेक्षा रिकामी जागा कमी. जागा संपली की पाणी खाली सोडावंच लागतं, आणि ते वाडीच्या घाटावर येतं.

तेव्हा यापुढे 'धरण किती भरलं?' असं विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा, 'त्याचा तळ शेवटचा कधी मोजला?'