दुकानात दोन फोटो लावा

डहाणू स्टेशनजवळचं घर असो की तलासरीत हायवेलगतचा दवाखाना, खाऱ्या पाण्याचा टँक लावून दिला की काही महिन्यांनी फोन येतोच : ‘‘काका, मासा उतरला.’’ म्हणजे रंग गेला. आणि लगेच, ‘‘बदलून मिळेल का?’’ फरशी निवडावी तसा मासा रंगावरून निवडला की हा प्रश्न ठरलेलाच. यात गिऱ्हाइकापेक्षा विकणाऱ्याचा दोष मोठा, असं माझं मत आहे.

एम्परर एंजल घ्या. लहानपणी गडद निळ्या अंगावर एकात एक पांढरी वर्तुळं. दोन-अडीच इंचांचं ते पिल्लू बघताक्षणी विकलं जातं. पुढं वाढता वाढता वर्तुळं विरतात, अंगभर पिवळ्या रेघा उमटतात, डोळ्यांवर काळा पट्टा येतो. ना रोग, ना भेसळ. मासा वयात आला, एवढंच. पिल्लू आणि मोठा मासा इतके निराळे, की शास्त्रज्ञही फसले होते. मोठ्याला १७८७ मध्ये नाव मिळालं, आणि पिल्लाला १८०१ मध्ये वेगळी जात समजून दुसरं. त्या नावात निकोबार होतं. मोठे एंजल आपल्या हद्दीत दुसऱ्या एंजलला टिकू देत नाहीत. वेगळ्या रंगामुळे पिल्लू त्यांच्या मारातून सुटत असावं, असं अभ्यासक मानतात. दुकानदार यातलं अक्षर सांगत नाही. मासा सव्वा फुटाचा होतो हेही नाही, आणि गिऱ्हाईक तीन फुटी काच घेऊन बसलेलं असतं.

टोमॅटो क्लाउनचंही तेच. पिल्लाला दोन-तीन पांढरे पट्टे, मोठ्याला डोक्याजवळचा एकच. ‘‘पट्टे गळले हो,’’ म्हणून माणसं हळहळतात.

काही रंग तर रोजच बदलतात. तलासरीच्या एका डॉक्टरसाहेबांनी सकाळी दवाखाना उघडताच घाबरून फोन केला. पिवळ्या टँगच्या अंगावर तपकिरी डाग, मध्ये पांढरी रेघ. म्हटलं, लाइट लावा, चहा घ्या, मग बघा. चहा संपेस्तोवर मासा पुन्हा पिवळाधम्मक. तो त्याचा रात्रीचा रंग. कातडीतल्या रंगपेशींमध्ये रंगाचे कण पसरले की मासा गडद दिसतो, गोळा झाले की फिका. याला मिनिटं पुरतात. पण पांढरीशुभ्र वाळू आणि वर भगभगीत एलईडी असा थाट कायमचा केला, तर मासा तळाशी जुळवून घेतो आणि काही आठवड्यांत रंगपेशींची संख्याच बदलते. अशा वेळी मासा बदलायचा नसतो, तळ बदलायचा असतो.

मग येते ‘कलर बूस्टर’ची बाटली. लाल-पिवळ्या रंगासाठी लागणारी कॅरोटिनॉइडं मासा स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच मिळतात. वर्षभर उघड्या पाकिटातले दाणे घातले तर रंग जाणारच. त्यावर डहाणूत बाटली कशाला हवी? ताजा जवळा आणा, धुवा, फ्रीझरमध्ये ठेवा आणि थोडा थोडा घाला. निळ्या रंगाची गोष्ट मात्र वेगळी. एंजलचा निळा खाण्यातून येतच नाही. कातडीतल्या ग्वानिनच्या स्फटिकांवरून उजेड परततो तेव्हा तो दिसतो. पापलेटची चांदी चमकते तीही याच ग्वानिनमुळे. तेव्हा निळ्या माशासाठी बूस्टर म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

झाईचे मच्छीमार मला हसतात. समुद्र दाराशी, आणि हा गडी मीठ विकत आणतो! पण आपल्या किनाऱ्याचं पाणी गाळानं गढूळ, आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी त्याचा खारटपणा पार कोसळतो. प्रवाळातल्या माशाला लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या आसपास क्षार लागतात, आणि तेही स्थिर. क्षार हलले, नायट्रेट साठलं, टाकीत दांडगा सोबती आला, की बऱ्याचदा आधी रंग उतरतो आणि मग खाणं सुटतं. ही वेळ पाणी तपासायची असते. तेव्हाच माणसं दुकानाचा रस्ता धरतात.

आणि ‘बदलून’ मिळणारा मासा येतो कुठून? क्लाउनफिशची पैदास होते, आपल्याकडे ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रातही होते. पण प्रवाळातले बहुतेक शोभेचे मासे आजही समुद्रातूनच धरून आणलेले असतात. वयात आला म्हणून नाकारलेल्या एका एंजलपायी दुसरा एंजल प्रवाळावरून उचलला जातो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. खाऱ्या पाण्याचा मासा विकणाऱ्यानं काचेवर दोन फोटो लावावेत, पिल्लाचा आणि मोठ्याचा, खाली पूर्ण वाढीची लांबी. मत्स्यव्यवसाय विभागानं हे सक्तीचं करावं. खर्च दोन रंगीत प्रिंटचा. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ पासून चालत आलं, आता बरीच वर्षं बंद आहे. त्याची नवी इमारत उभी राहील तेव्हा एम्परर एंजलचं पिल्लू आणि मोठा मासा शेजारशेजारच्या टाक्यांत ठेवावेत. एका टाकीत नकोत, मोठा त्याला मारेल.