दुखवट्याचा ठराव आणि ट्रॉलीची पिन



वार्षिक सभेत अहवाल-ताळेबंदाच्या आधी दुखवट्याचा ठराव येतो. वर्षभरात निधन पावलेल्या सभासदांची नावे वाचली जातात, मंडप दोन मिनिटे उभा राहतो, आणि खाली बसता बसता मागच्या रांगेतून उसाच्या दराची विचारणा सुरू होते. यात कोणाचा दोष आहे असे नाही. रीतच तशी पडून गेली आहे. परंतु यंदाच्या यादीत एक नाव असे आहे की, त्यांच्यासाठी दोन मिनिटे उभे राहून आपले देणे फिटत नाही असे आम्हांस वाटते.

नाव येथे छापू नये, अशी त्यांच्या घरच्यांची इच्छा आहे. ती आम्ही पाळतो. ओळखणारे ओळखतीलच. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सगळा पंचक्रोशी भाग त्यांना 'मेजर' म्हणे. आम्हीही तेच म्हणतो.

मेजर १९६२ साली अठराव्या वर्षी खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. लोहारकाम घरचेच होते, जोडकाम व फिटरकाम तेथे शिकले. १९६५ आणि १९७१ या दोन्ही लढायांत ते होते. सॅपर म्हणजे सैन्याच्या पुढे जाऊन वाट करून देणारा. पूल बांधायचा, रस्ता करायचा आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढायचे. याच बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर गोळीबार चालू असताना, स्वतः जखमी असूनही, रणगाड्याच्या आडोशाने सरपटत सुरुंग काढले आणि वाट मोकळी केली. त्यांना परमवीरचक्र मिळाले. मेजरांच्या दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी राण्यांचे छायाचित्र होते. स्वतःच्या लढाईबद्दल मात्र ते फारसे बोलत नसत. फार आग्रह केला तर एवढेच सांगत की, पोटावर पडून सळईने माती टोचत पुढे सरकायचे, आणि जेवढी वाट साफ झाली तेवढ्याच वाटेच्या कडेने पांढरी फीत लावत जायचे. "मागून येणारा आपल्या फितीवर विश्वास टाकून पाय टाकतो. फीत खोटी लावायची नाही."

त्यांचे पुढचे सगळे आयुष्य आम्हांला या एका वाक्यात दिसते.

१९७९ साली ते निवृत्त होऊन गावी आले आणि फाट्यावर पत्र्याचे शेड टाकून वेल्डिंगचे दुकान काढले. त्या काळी आपल्या कारखान्याचा बहुतेक ऊस टायर-बैलगाड्यांनी येई. आस वाकला, जू मोडले, इंजिनाची पाइप फुटली, की पाय मेजरांच्या शेडकडे वळत. पुढे ट्रॅक्टर आले, एकामागे दोन ट्रॉल्या आल्या. मेजरांची पद्धत तीच राहिली. काम झाले तरी गाडी लगेच सोडत नसत. आधी हातोडीने दांडी ठोकून आवाज ऐकायचे. मग हुक, पिन आणि पिनेची क्लिप स्वतः ओढून बघायचे. मागच्या फळीवर रिफ्लेक्टरची पट्टी नसली तर ती लावूनच गाडी बाहेर. पट्टीचे पैसे कोणी दिले तर घेत, नाही दिले तर मागत नसत. गावच्या पाटलाची ट्रॉली असो की बीडकडून आलेल्या टोळीची बैलगाडी, दर एकच. तो खडूने दारावर लिहिलेला असे.

आता आमची एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वीची जानेवारीतली रात्र होती. गाडीतळ रिकामा होत चालला होता. सभासदांना ठाऊक आहे की, गव्हाणीत ऊस नसला तर कारखाना थांबतो, आणि थांबलेला कारखाना पुन्हा चालू करणे खर्चाचे असते. अशा वेळी शेतकी खात्याचे फोन रात्रभर वाजतात. एका वाहतूकदाराची भरलेली जोडी मेजरांच्या शेडपुढे उभी आहे असे कळले. आम्ही फोन केला.

मेजर म्हणाले, "साहेब, दांडीला तडा गेलाय. वरून टाका मारला तर तडा झाकंल, दांडी धरणार नाही. ट्रॉली रिकामी करा. सकाळी नऊपर्यंत कापून नवी पट्टी घालून देतो."

आम्ही चिडून बोललो, "मेजर, ही लढाई नाही. ऊस आहे."

ते शांतपणे म्हणाले, "म्हणून तर सांगतोय. ऊस उद्या येईल."

ड्रायव्हरला आम्ही दुसरीकडे जाण्यास सांगितले. तेथे वीस मिनिटांत टाका मारून मिळाला. ती खेप आली. पुढच्या खेपेस, आमच्याच फाटकाच्या आत, वजनकाट्याच्या चढावर दांडी तुटली. मागची ट्रॉली उताराने मागे गेली आणि कुंपणाच्या भिंतीत शिरली. पहाटेची वेळ होती म्हणून तेथे कोणी नव्हते. दिवसा त्याच भिंतीला टेकून ड्रायव्हर, टोळीतली माणसे चहा पीत उभी असतात. कोणाला लागले नाही, यात आमची हुशारी काही नव्हती.

सकाळी आम्ही शेडवर गेलो. काय बोलावे सुचेना. मेजरांनी आमच्या तोंडाकडे एकदा पाहिले आणि विचारले, "दांडी कुठाय? आणा." त्या दिवसाचा दरही खडूने लिहिलेला तोच होता.

चहा पिताना मात्र एक वाक्य बोलले. "साहेब, ड्रायव्हर पोरगं आहे. त्याच्या घरी कुणीतरी जेवायचं थांबलेलं असतं."

हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभत होते, कारण ते स्वतः तसे वागत. ते सीमेवर असताना दोन एकर ऊस त्यांच्या पत्नीने पिकवला. कारखान्याचा शेअर घेतला तो त्याच उसाच्या बिलातून. "शेअरवर नाव माझं, घाम तिचा," असे ते उघड सांगत. बिलाची पावती आली की आधी ती मावशींना वाचून दाखवायची, मग ठेवायची, हा त्यांचा नेम. पुढे मावशींना अर्धांगवायू झाला. त्यांना वाचून दाखवलेले कितपत कळते हे सांगता येत नव्हते, तरीही पावती वाचणे थांबले नाही. घरी गेलो तेव्हा आम्ही पाहिले. मावशींच्या खाटेपासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला पाइपाचा कठडा होता, बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीला. प्रत्येक जोड घासून इतका गुळगुळीत केलेला, की हात कोठेही अडू नये. ऐन हंगामात दारात चार गाड्या उभ्या असल्या तरी संध्याकाळी सहाला शेड बंद होई. ती मावशींना भरवण्याची वेळ होती. आठला शेड पुन्हा उघडे. मावशी गेल्या, आणि दोन वर्षांनी गेल्या आषाढात मेजर गेले.

तेव्हा सैनिक, कारागीर आणि घरचा माणूस अशी तीन वेगळी माणसे येथे नव्हती. मागून येणाऱ्याचा पाय सुरक्षित पडावा, हाच तिन्हींचा धर्म होता.

आता शेड बंद आहे. मुले नोकरीनिमित्त बाहेर आहेत, त्यांना दोष देता येणार नाही. बॉयलर पेटायला थोडेच आठवडे उरले आहेत. हंगाम सुरू झाला की अंधारात, मागे दिवा ना रिफ्लेक्टर, अशा ट्रॉल्या रस्त्यात उभ्या दिसतील. दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस, वर मोठ्याने लावलेली गाणी, आणि हुकात पिनेऐवजी अडकवलेली सळई. मागून मोटारसायकलवर येणारा तरुण कोणाचा तरी मुलगा असतो. बहुधा आपल्याच एखाद्या सभासदाचा.

वाहतूकदार बंधूंची बाजू आम्हांला ठाऊक आहे. ट्रॅक्टरचे हप्ते आहेत, टोळीला दिलेली उचल फिटायची आहे, हंगामाचे दिवस मोजके आहेत, एक खेप बुडाली की सगळा हिशेब कोलमडतो. हे खरे आहे. परंतु हंगामाआधी अर्धा दिवस गाडी तपासून घेतली तर खेप बुडत नाही. आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत रिफ्लेक्टर सांगितलेलेच आहेत. आपण काही जगावेगळे मागत नाही.

म्हणून आमचे मत असे की, करार केलेल्या प्रत्येक वाहनाची गट ऑफिसवर तपासणी झाल्याशिवाय पहिल्या खेपेची चिठ्ठी देऊ नये. दांडी, हुक, पिन, जादा साखळी, ब्रेक, टायर, मागचा दिवा, रिफ्लेक्टर, एवढेच पाहायचे. तपासणीचा व पट्टीचा खर्च कारखान्याने सोसावा, याचा संचालक मंडळाने विचार करावा. दुसरे बंधन आम्ही आमच्याच खात्याला घालून घेत आहोत. गाडीतळ रिकामा पडला तरी नादुरुस्त गाडीसाठी आमच्याकडून कोणालाही फोन जाणार नाही. त्यावरून बोलणी खावी लागली तर आम्ही खाऊ.

आणि तिसरे काम, सभासदहो, तुमचे. आपल्या बांधावरून भरलेली ट्रॉली निघते तेव्हा आपण वजनाचा अंदाज घेतो, वाढे किती राहिले ते बघतो. त्याच वेळी खाली वाकून एकदा पिन ओढून बघा. मागे पट्टी नसेल तर गाडी सोडू नका. ड्रायव्हर कुरकुर करील, "काय राव, उशीर होतोय" म्हणेल. म्हणू द्या.

सभेत मेजरांचे नाव वाचले जाईल तेव्हा आम्हीही तुमच्याबरोबर उभे राहू. पण खरा ठराव बांधावर व्हायचा आहे.

— ऊस विकास अधिकारी