साहेबांच्या मर्जीवरची माया

वरिष्ठ समजून घेणारा असेल तर नोकरी सुसह्य होते, हे कोणत्याही नोकरदाराला पटेल. म्हणूनच सहृदय नेतृत्वाचा आज इतका गवगवा आहे. पण ही सहृदयता कशाच्या आधारावर उभी असते, हे तपासायला हवे. हैदराबादचा २०१९ चा अनुभव त्यासाठी पुरेसा आहे.

५ ऑक्टोबरला तेलंगणा परिवहन महामंडळाचे सुमारे ४८ हजार कर्मचारी संपावर गेले. मुख्य मागणी सरकारात विलीनीकरणाची. महाराष्ट्रात २०२१ च्या एसटी संपात गाजली तीच. मुदतीत कामावर न आलेल्यांनी स्वतःहून नोकरी गमावली, असे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी जाहीर केले. सप्टेंबरचा पगार अडकला. काही कर्मचाऱ्यांनी जीवन संपवले. बावन्न दिवसांनी संघटनांनी हात टेकले.

मग वारे फिरले. १ डिसेंबरला मुख्यमंत्र्यांनी डेपोडेपोंतल्या कर्मचाऱ्यांना प्रगती भवन या आपल्या निवासस्थानी जेवायला बोलावले. संपकाळाचा पगार, निवृत्तीचे वय अठ्ठावन्नऐवजी साठ, महिलांना रात्री आठनंतर ड्यूटी नाही, अशा घोषणा झाल्या. दिलासा खराच होता. मात्र संघटनांच्या निवडणुका दोन वर्षे नकोत, त्याऐवजी डेपोवार कल्याण समित्या, असेही त्यांनी सांगितले. मागितलेले विलीनीकरण बाजूला राहिले, न मागितलेली माया पदरात पडली आणि मागण्याचे साधनच गेले.

धोका इथेच आहे. कामाचा ताण मोठा आणि त्यावर स्वतःचे नियंत्रण कमी, ही जोडी माणसाला सर्वाधिक पोखरते, अशी मांडणी रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये केली. मर्जीने मिळालेली सवलत ताण हलका करते, नियंत्रण देत नाही. उलट माणूस मिंधा होतो. ज्याने जेवू घातले त्याच्याविरुद्ध तक्रार करायला जीभ रेटत नाही.

खासगी कंपन्यांनाही हे लागू आहे. सहानुभूतीला नेतृत्वाचा गाभा मानणारे सत्या नडेला मूळचे हैदराबादचेच. त्यांच्या मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्ये दहा हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्यांची कळकळ खोटी ठरवण्याचे कारण नाही; बाजाराच्या हिशेबापुढे ती कुणाची नोकरी वाचवू शकत नाही, एवढेच.

म्हणून कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य मोजताना साहेब किती प्रेमळ आहेत, हे शेवटी विचारावे. आधी विचारावे ते असे: रजा लेखी नियमाने मिळते का? साहेबांना नाही म्हणणाऱ्याची नोकरी टिकते का? आणि साहेब बदलले, तर यातले काय उरेल?